पाच बॅकअप आणि एक योगायोग : गिटलॅबचा २०१७चा डेटाबेस अपघात

बॅकअपचा विषय निघाला की गिटलॅबचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि बहुतेक वेळा ते एकाच वाक्यात आटोपतं: थकलेल्या इंजिनिअरने रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा फोल्डर उडवला. घडलं तसंच, पण प्रकरण तेवढंच नाही. जिथे माणसांना प्रॉडक्शन, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरत असलेल्या, सर्व्हरवर रूट (काहीही बदलण्या-पुसण्याचे) अधिकार असतात तिथे असं कधी ना कधी होणारच. पाहण्यासारखं आहे ते त्यानंतर काय झालं ते. कागदावर असलेली बॅकअपची एकेक सोय उघडून पाहिली गेली आणि एकेक निकामी निघाली. साइट शेवटी जिच्यावर उभी राहिली ती प्रत बॅकअप म्हणून घेतलेलीच नव्हती.

या घटनेची नोंद कंपनीने स्वतःच उघडपणे ठेवली. काम चालू असतानाच्या टिपणांचा कागद लोकांसाठी खुला होता, दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू होतं आणि १० फेब्रुवारी २०१७ला सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. इतक्या तपशिलात आपलं अपयश मांडणाऱ्या कंपन्या थोड्या. म्हणूनच आज इतक्या वर्षांनीही हे प्रकरण अभ्यासायला सोपं जातं.

मांडणी कशी होती

गिटलॅब डॉट कॉम ही सोर्स कोड ठेवण्याची आणि त्यावर एकत्र काम करण्याची सेवा. तिचा डेटा दोन ठिकाणी विभागलेला होता. गिटच्या रिपॉझिटरी (कोडच्या साठवणी) आणि विकी फाइलच्या रूपात एनएफएस सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या मशीनवर, होत्या. वापरकर्त्यांची खाती, प्रोजेक्टची माहिती, इश्यू (कामाच्या आणि चुकांच्या नोंदी), मर्ज रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामावून घेण्याच्या विनंत्या), कॉमेंट हे सगळं पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसमध्ये होतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण अपघात फक्त डेटाबेसला झाला. लोकांचा कोड जागेवरच राहिला.

डेटाबेस तेव्हा मायक्रोसॉफ्ट अझूरच्या व्हर्च्युअल मशीनवर चालत होता. डीबी१ हा प्रायमरी आणि डीबी२ हा सेकंडरी. सेकंडरीवर प्रायमरीतले बदल सतत येत राहायचे आणि त्याचा उपयोग एकच: प्रायमरी पडला तर त्याची जागा घेणं. वाचनाचा भारसुद्धा त्याच्यावर टाकलेला नव्हता. म्हणजे एवढ्या मोठ्या साइटचा सगळा भार एकाच डेटाबेस मशीनवर होता. तो कमी करायच्या खटपटीतूनच पुढचं सगळं सुरू झालं.

३१ जानेवारीची संध्याकाळ

इथल्या सगळ्या वेळा यूटीसीप्रमाणे आहेत. १७:२०च्या सुमारास एका इंजिनिअरने प्रॉडक्शन डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, घेतला. पीजीपूल-२ हे साधन वापरून भार अनेक सर्व्हरवर वाटता येतो का, हे त्याला स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर, तपासायचं होतं आणि त्यासाठी ताजा डेटा हवा होता. असा स्नॅपशॉट एरवी चोवीस तासांतून एकदा आपोआप निघायचा. त्या दिवशीचा हा जास्तीचा, हाताने घेतलेला.

१९:००च्या आसपास डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. आधी वाटलं स्पॅमचा हल्ला आहे, आणि तो काही प्रमाणात होताही. पण नंतर कळलं की एका बॅकग्राउंड जॉबने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं त्याच्या सगळ्या डेटासकट पुसायला घेतलं होतं. कोणीतरी खोडसाळपणे त्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती. लोकांना कॉमेंट टाकता येईनात. टीमचा वेळ भार उतरवण्यात गेला.

२३:००च्या सुमारास दुसरी अडचण उभी राहिली. इतके बदल झाले होते की सेकंडरी मागे पडत गेला. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या नोंदीत लिहितो आणि सेकंडरी त्याच नोंदी वाचून स्वतःला अद्ययावत ठेवतो. प्रायमरी जुन्या वॉल फाइल ठरावीक मर्यादेपर्यंतच जपतो, मग खोडतो. सेकंडरीला जी फाइल हवी होती ती खोडली गेली होती. या फाइल वेगळ्या जागी जमा करून ठेवण्याची सोय, म्हणजे वॉल आर्काइव्हिंग, चालू नव्हती. ती असती तर सेकंडरीने तिथून फाइल उचलून पुढे वाटचाल केली असती. नसल्यामुळे एकच मार्ग उरला: सेकंडरी पूर्ण रिकामा करायचा आणि प्रायमरीवरून पहिल्यापासून भरून घ्यायचा.

थोडं थांबून पाहू. सेकंडरी रिकामा करणं हे रुळलेलं काम आहे, त्यात गैर काही नाही. मात्र तो भरून होईपर्यंत डेटाबेसची जिवंत प्रत एकच असते. बॅकअपवर भरवसा असेल तर ही जोखीम कोणीही घेईल. भरवसा सगळ्यांनाच होता.

एक कमांड

डीबी२ची डेटा डिरेक्टरी पुसून झाली आणि प्रायमरीची पूर्ण प्रत आणणारी पीजी_बेसबॅकअप ही कमांड चालवली. तिने तक्रार केली की प्रायमरीवर मॅक्स_वॉल_सेंडर्सची (एका वेळी किती जणांना वॉल पाठवता येईल याची) मर्यादा अपुरी आहे. ती वाढवून ३२ केली. त्यासाठी प्रायमरी रीस्टार्ट करायला गेले तर तो उठेना, कारण मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा) ८००० ठेवलेलं होतं आणि तेवढ्यांना लागणारे सेमाफोर (ऑपरेटिंग सिस्टिमची समन्वयाची साधनं) पुरत नव्हते. ते उतरवून २००० केलं. प्रायमरी उठला. पीजी_बेसबॅकअप पुन्हा चालवली. या वेळी एरर आली नाही, आणि दुसरंही काही आलं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

ही कमांड अशी गप्प का बसते? प्रायमरीकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत ती वाट पाहत असते, आणि वाट पाहत असल्याचं सांगत नाही. म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. पण हे त्या वेळी टीमच्या रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनांच्या वहीत, लिहिलेलं नव्हतं. कमांड अडकली असं समजून ती परत परत चालवली गेली. मग इंजिनिअरला वाटलं, आधीच्या अर्धवट प्रयत्नांतून डिरेक्टरीत काही फाइल उरल्या असतील. ही कमांड रिकामीच डिरेक्टरी मागते, त्यामुळे शंका वाजवी होती. त्याने ती डिरेक्टरी उडवली.

ती डीबी२ची नव्हती, डीबी१ची होती. दोन टर्मिनल उघडी, दोन्हींचं दिसणं सारखं, सर्व्हरच्या नावात फरक एका आकड्याचा. एखाद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कमांड तोडली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास उरलं होतं. त्याची पाळी खरं तर संपत आली होती; रेप्लिकेशनचा (सेकंडरी अद्ययावत ठेवण्याचा) घोळ निस्तरायला तो थांबला होता.

आता बॅकअप शोधा

सगळ्यात आधी आठवण झाली ती रोजच्या पीजी_डंपची. दर चोवीस तासांनी पूर्ण डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलरूप प्रत, निघून अ‍ॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीत जायचा. बकेट (तिथला कप्पा) उघडली तर रिकामी. स्थानिक डिस्कवरही उपयोगाचं काही नाही. कारण असं की डेटाबेस पोस्टग्रेस ९.६वर होता आणि डंप काढणारं साधन ९.२चं चालत होतं. पीजी_डंप आपल्यापेक्षा नव्या मेजर आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप काढायला साफ नकार देतो. मग ९.२ आलं कुठून? गिटलॅबचं सगळं एकत्र बसवणारं ऑम्निबस पॅकेज दोन्ही आवृत्त्या सोबत आणायचं आणि कुठली वापरायची हे डेटा डिरेक्टरीतल्या आवृत्तीच्या फाइलवरून ठरवायचं. बॅकअपचा जॉब चालायचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर. तिथे डेटाबेसच नाही, म्हणून डेटा डिरेक्टरी नाही, म्हणून ती फाइल नाही. अशा वेळी पॅकेज मुकाट्याने जुनी आवृत्ती धरायचं. जॉब रोज चालत होता आणि रोज पडत होता.

मग कोणाला कळलं कसं नाही? क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पडला की मेल जातो, आणि मेल जातही होते. पण ते डीमार्कच्या नियमाप्रमाणे सही केलेले नव्हते, म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने ते परत लावले. बनावट मेल रोखण्यासाठी बसवलेल्या राखणदाराने घरचाच निरोप दारात अडवला. माझ्या मते या सबंध प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील हाच आहे, चुकीच्या सर्व्हरवरच्या कमांडपेक्षाही. कमांड काही सेकंदांची होती. मेल किती तरी आधीपासून अडत होते, आणि मेल न येणं याचा अर्थ सगळ्यांनी ‘सगळं आलबेल’ असाच लावला होता.

दुसरी सोय अझूरच्या डिस्क स्नॅपशॉटची. ते एनएफएस सर्व्हरवर चालू होते, डेटाबेस सर्व्हरवर नव्हते. डेटाबेसला बाकीच्या एवढ्या सोयी आहेत तर याची गरज काय, हा त्यामागचा विचार. प्रत्येक सोय दुसरीच्या भरवशावर ढिली राहते, हे बॅकअपच्या बाबतीत फार वेळा दिसतं. शिवाय तसे स्नॅपशॉट परत आणायला तेव्हा कित्येक तास, प्रसंगी दिवस लागायचे, त्यामुळे असते तरी लगेच हाताशी आले नसते.

तिसरी सोय रेप्लिकेशन. डीबी२ आधीच रिकामा होता. पण समजा नसता, आणि फाइल उडवण्याऐवजी कोणी चुकून ड्रॉप टेबल (डेटाबेसमधलं टेबल पुसण्याचा आदेश) चालवलं असतं, तर? तो आदेश काही क्षणांत सेकंडरीवरही इमानेइतबारे पोचला असता. रेप्लिका मशीन बिघडल्यावर कामाला येते. माणूस चुकला, प्रोग्राम चुकला किंवा कोणी मुद्दाम नासधूस केली, तर ती नासधूससुद्धा रेप्लिकेट होते.

चौथी सोय म्हणजे वॉल आर्काइव्हिंग. ती नव्हतीच.

उरले एलव्हीएम स्नॅपशॉट, जे स्टेजिंग भरण्यासाठी घेतले जायचे. खरं पाहता ज्या डिस्कवर मूळ डेटा आहे तिथेच राहणारा स्नॅपशॉट हा बॅकअप धरता येत नाही. कॉपी-ऑन-राइट पद्धतीत त्यात फक्त बदललेल्या ब्लॉकच्या जुन्या प्रती असतात, बाकीचं सगळं मूळ डिस्कवरूनच वाचलं जातं. मूळ डिस्क गेली की तोही गेला. व्हीएमवेअर किंवा तत्सम व्हर्च्युअलायझेशनमधले मशीनचे स्नॅपशॉट ‘बॅकअप’ म्हणून महिनोन्महिने ठेवणाऱ्यांचीही हीच गल्लत होते. इथे मात्र स्नॅपशॉटमधला डेटा स्टेजिंगच्या वेगळ्या मशीनवर पोचलेला होता, म्हणून तो वाचला. आणि सगळ्यात ताजा होता १७:२०चा, पीजीपूलच्या प्रयोगासाठी घेतलेला. तो प्रयोग त्या दिवशी हाती घेतलाच नसता तर रोजच्या स्नॅपशॉटवर जावं लागलं असतं आणि नुकसान सहा तासांवरून जवळजवळ पूर्ण दिवसावर गेलं असतं.

टीमने त्या रात्रीच्या खुल्या टिपणांत लिहून ठेवलं की पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती. तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत बाहेर हा सर्वपरिचित नियम लावून कोणी आदल्या दिवशी तपासणी केली असती तर कागदोपत्री गिटलॅब सहज पास झालं असतं: प्रायमरी, सेकंडरी, वेगळ्याच कंपनीच्या क्लाउडमध्ये डंप, शिवाय स्टेजिंग. एस३ तर ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी बांधलेलं आहे. रिकाम्या बकेटलाही तो तेवढाच लागू होतो.

परत आणायला इतका वेळ का लागला

डेटा सापडला, पण साइट लगेच उठली नाही. जवळपास अठरा तास ती बंद होती, आणि यातला मोठा भाग डेटा एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्यात गेला. स्टेजिंग सर्व्हर अझूरच्या जुन्या ‘क्लासिक’ प्रकारातला होता, त्याला प्रीमियम स्टोरेज नव्हतं. डिस्कचा वेग सेकंदाला साधारण ६० मेगाबिटवर अडकत होता. नेटवर्क मोकळं, प्रोसेसर मोकळा, डिस्क तेवढी मंद. आणि ऐन वेळी ती बदलण्याची सोय नाही.

हिशेब मांडून पाहा. ३०० जीबी म्हणजे २४ लाख मेगाबिट. ६०ने भागलं की ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून जास्त. तेही कॉपी एकदाही न अडखळता चालली तर. हा भागाकार अपघाताच्या आधी कोणीही दोन मिनिटांत करू शकला असता. पण स्टेजिंगची डिस्क निवडताना प्रश्न होता ‘टेस्टिंगला पुरेल का’, आणि त्याचं उत्तर बरोबरच होतं. तीच डिस्क एक दिवस रिकव्हरीचा उगम ठरेल असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. क्लाउडमध्ये खर्च वाचवायला बॅकअपची प्रत सगळ्यात स्वस्त, मंद थरात ठेवतात. ठेवायला हरकत नाही, फक्त तिथून पूर्ण डेटा बाहेर काढायला किती तास लागतात हा आकडा माहीत हवा. काही थरांत तर वाचण्याआधी डेटा मागवावा लागतो आणि तो हाती यायलाच तास जातात.

परत आणताना घेतलेली एक काळजी आवर्जून सांगण्याजोगी आहे. डेटाबेस १७:२०च्या अवस्थेला मागे गेला, पण बाहेरचं जग मागे गेलं नव्हतं. मधल्या सहा-सात तासांत तयार झालेल्या प्रोजेक्ट आणि इश्यूंचे क्रमांक बाहेरच्या प्रणालींमध्ये, मेलमध्ये, लिंकमध्ये जाऊन बसले होते. नवा इश्यू तयार होऊन त्याला जुनाच क्रमांक मिळाला असता तर एका माणसाची लिंक दुसऱ्याच्या मजकुरावर उघडली असती. म्हणून साइट चालू करण्यापूर्वी सगळ्या सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारे मोजक) एक लाखाने पुढे ढकलल्या. बॅकअप नीट असतानाही ही पायरी लोक विसरतात, कारण ती डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये नसते, धंद्याच्या समजेतून सुचावी लागते.

१ फेब्रुवारीला १८:००च्या सुमारास साइट पूर्ववत झाली. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती यांच्याशी संबंधित डेटा कायमचा गेला.

क्लाउड कंपनी यात कुठे होती

कुठेच नाही. अझूर त्या रात्री बंद पडलं नव्हतं, एस३ही नाही. भाड्याच्या मशीनवर भाडेकरूने डेटा पुसला तर यजमानाच्या लेखी ती नेहमीची लिहा-पुसाच असते.

कधी कधी उलटंही होतं. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं एक खासगी क्लाउड आपोआप पुसलं गेलं. ते उभारताना गूगलच्या बाजूने एक पॅरामीटर कोरा राहिला होता. त्यामुळे ठरावीक मुदत धरली गेली आणि मुदत सरताच यंत्रणेने साफसफाई केली. युनिसुपरने दोन ठिकाणी प्रत ठेवली होती. ती दोन्हीकडून गेली, कारण दोन्ही एकाच सबस्क्रिप्शनखाली होत्या. त्या क्लाउडच्या बाहेर ठेवलेले बॅकअप होते म्हणून निधी सावरला, तरी सेवा आठवडाभर खोळंबली. गिटलॅबच्या चुकीशी याचं वरवर काही साम्य नाही. पण दोन्हीकडे उपलब्धतेसाठी ठेवलेली दुसरी प्रत पहिलीच्याच नशिबाला बांधलेली होती.

नंतर काय बदललं

गिटलॅबने टर्मिनलचे प्रॉम्प्ट रंगीत केले, प्रॉडक्शनला एक रंग, स्टेजिंगला दुसरा. हा बदल सगळ्यांना आवडतो, कारण तो दिसतो. माझं मत विचाराल तर यादीत तो सगळ्यात शेवटी यावा. जोर असायला हवा तो बाकीच्या गोष्टींवर. एलव्हीएम स्नॅपशॉट चोवीस तासांऐवजी तासातासाला घ्यायचं ठरलं. वॉल आर्काइव्हिंगचं काम हाती घेतलं. बॅकअप परत उभा करून पाहण्याची चाचणी आपोआप होईल अशी व्यवस्था करायचं ठरलं.

निगराणीचाही एक धडा यातून निघतो. ‘पडलं तर कळव’ ही पद्धत निरोप पोचेल या गृहीतकावर चालते. त्याऐवजी दुसऱ्या यंत्रणेने दर काही तासांनी बकेटमध्ये जाऊन पाहावं: सगळ्यात नवी फाइल किती जुनी आहे, तिचा आकार कालच्यापेक्षा अचानक घटला आहे का. फाइल तीस तासांपेक्षा जुनी दिसली की गजर, मग जॉब पडो, मेल अडो की सर्व्हरच गायब होवो. हे लिहायला दहा-वीस ओळींचा स्क्रिप्ट पुरतो. अर्थात पूर्ण आकाराची ताजी फाइलसुद्धा रिस्टोअर होईलच असं नाही. ते कळायला ती कोऱ्या मशीनवर उभी करून टेबलांतल्या ओळी मोजाव्या लागतात आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा लागतो.

अहवालात ‘का’ या प्रश्नाची साखळी मांडली आहे. बॅकअपची नियमित चाचणी का होत नव्हती, या प्रश्नापाशी ती येते तेव्हा उत्तर तांत्रिक उरत नाही: हे काम कोणाच्याही नावावर नव्हतं. डेटाबेस सांभाळणारे होते, सर्व्हर सांभाळणारे होते, पॅकेज बनवणारे होते. डंपचा जॉब या तिघांच्या हद्दींच्या मधोमध चालत होता. डेटाच्या टिकाऊपणासाठी एक जबाबदार माणूस नेमणं हे काम म्हणूनच सुधारणांच्या यादीत आलं, आणि अपघात ज्याच्या हातून झाला त्या इंजिनिअरचं नाव अहवालात कुठेही नाही.